८६५ गावे आणि मोफत उपचार : पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातले कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. त्यामुळे निपाणीत कुणाच्या छातीत दुखू लागले की गाडी कोल्हापूरकडे वळते. उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा पेशंट बेळगाव गाठतो, कारण त्याला तेच जवळ पडते. कोविडच्या काळात राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर रिपोर्ट मागितले जायचे तेवढा काळ सोडला, तर ही ये-जा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी भाषिक भाग कर्नाटकाकडे गेल्यावरही तशीच चालू राहिली. अडते ते बिलापाशी, कारण मोफत उपचाराच्या योजना ज्या त्या राज्याच्या.

तशी फुकट उपचाराची कल्पना इथे नवी नाही. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर पुढे सीमाभागातल्या मराठी भाषिकांच्या महामेळाव्यांच्या परवानगीवरून वाद झाले, त्याचे नाव इंग्रजी अमदानीत तिथे तयार होणाऱ्या देवीच्या लशीवरून पडले. ती लस टोचून घ्यायला मातृभाषा सांगावी लागत नव्हती. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व १९४६ च्या सरकारी अहवालातच आले होते. पण घटनेत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यांच्या यादीत गेले आणि ‘सर्वांसाठी’ म्हणजे ‘आपापल्या राज्यातल्या सर्वांसाठी’ असा अर्थ आपोआप रुळला. सीमाभागाची सगळी अडचण या एका शब्दात आहे.

पुढची काही दशके सिव्हिल हॉस्पिटल, तालुक्याचा सरकारी दवाखाना आणि परवडले तर खासगी, अशीच गेली. विमावजा योजना आल्या त्या २००० नंतर. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना आली. २०१८ मध्ये आरोग्य कर्नाटक योजना आली आणि त्याच वर्षी केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली गेली. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएल, म्हणजे त्या रेषेच्या वर, असेल तर पॅकेजच्या ३० टक्केच, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. शिवाय तातडीची वेळ नसेल, तर मोठ्या उपचारासाठी आधी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र हवे. महाराष्ट्राची योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. मर्यादा तेव्हा दीड लाख होती, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच.

आता एप्रिल २०२३ चा निर्णय. महाराष्ट्राने ही योजना कर्नाटकातल्या १२ तालुक्यांतील ८६५ गावांना लागू केली आणि त्यासाठी ५४ कोटींची तरतूद केल्याचे सांगण्यात आले. ८६५ हा आकडा आरोग्य खात्याचा नव्हे, सीमावादाचा आहे. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती. सर्वोच्च न्यायालयातल्या २००४ च्या दाव्यात ती ८६५ झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात जो ठराव झाला त्यातही हाच आकडा होता. म्हणजे लाभार्थ्यांची यादी आजारपणावरून किंवा उत्पन्नावरून नव्हे, खटल्याच्या कागदावरून निघाली. कर्नाटकाला हा हस्तक्षेप वाटला, यात नवल नाही. तेव्हा तिथे विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम होती. मे महिन्यात सरकार बदलले, भूमिका बदलली नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेळगावात या योजनेचे अर्ज भरून घेणारी केंद्रे प्रशासनाने बंद केली. आजारी माणसाचा अर्ज भरणे हा गुन्हा कसा, हा मराठी माणसाचा प्रश्न रास्तच होता. आमच्या नागरिकाला आमची ५ लाखांची योजना असताना शेजाऱ्याची दीड लाखाची कशाला, हा तिकडचा प्रश्नही हिशेबाने चुकीचा म्हणता येणार नाही.

खरा गुंता ‘कार्ड’ या शब्दाचा. महाराष्ट्रात योजनेची पात्रता रेशन कार्डाच्या रंगावर बेतलेली : पिवळे, केशरी, शुभ्र. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या माणसाकडे असते कर्नाटकचे कार्ड, त्यावरचा मजकूर कन्नड, आणि वर्गवारी बीपीएल-एपीएल. ते कोल्हापुरातल्या रुग्णालयात योजनेचे काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या काउंटरवर कोणत्या रंगात बसवायचे? त्यावर आणखी एक कागद आला. आपण मराठी भाषिक आहोत, असे लिहून द्यायचे. इतकी वर्षे जे ओरडून सांगितले ते एकदा कागदावर लिहून द्यायला आमच्यापैकी बहुतेकांना काहीच वाटले नाही, मलाही नाही. पण त्याच गल्लीत, त्याच नळावर पाणी भरणारे कन्नड घर या ‘सर्वां’त येत नाही, हे मराठी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत फारसे आले नाही. ज्याच्या घरात आई मराठी आणि वडील कन्नड, त्याने काय लिहायचे? बेळगावात अशी घरे हवी तेवढी आहेत.

२०२३ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने योजनेची मर्यादा ५ लाखांवर नेण्याचे आणि सगळ्या कार्डधारकांना, म्हणजे शुभ्र कार्डवाल्यांनाही, सामावून घेण्याचे ठरवले. त्या निर्णयात आणखी एक ओळ होती. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आठ जिल्ह्यांत १४० आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांत, बेळगाव धरून, १० रुग्णालये अंगीकृत करायची, म्हणजे योजनेत सामील करून घ्यायची. माझ्या मते एप्रिलच्या घोषणेपेक्षा ही ओळ जास्त कामाची. तिच्यात चंदगडचा पेशंटही येतो. त्याच्याकडे महाराष्ट्राचेच कार्ड आहे, फक्त त्याचा डॉक्टर बेळगावात बसतो.