शिवेबाहेरचे : भूत, असुर आणि सैतान यांच्यामागचा इतिहास

श्रावण तोंडावर आला की बेळगावच्या गणपत गल्लीत पत्री-फुलांच्या टोपल्यांशेजारी जिवतीचे कागद दिसू लागतात. पातळ कागद, त्यावर चार चित्रं. वर हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेतलेला नरसिंह, मग कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, त्याखाली अंगाखांद्यावर पोरं खेळवणाऱ्या दोन बायका आणि तळाला हत्तीवरचा बुध नि वाघावरचा बृहस्पती. आमच्या घरी हा कागद देवघराच्या भिंतीला डकवतात. शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, कापसाचं गेजवस्त्र, पुरणाचा नैवेद्य आणि पुरणाच्या दिव्यांनी पोरांचं औक्षण. शेजारच्या कन्नड घरातही जिवंती अशीच पूजली जाते. ज्या दोन बायकांपुढं आम्ही हात जोडून बसायचो, त्यातली एक राक्षसीण आहे हे मला कळलं तेव्हा मी चांगली मोठी झाले होते.

तिचं नाव जरा. महाभारताच्या सभापर्वात तिची गोष्ट येते. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं. दायांनी ती दोन शकलं चव्हाट्यावर टाकून दिली. मांस खाणाऱ्या जरेनं ती उचलली, एकत्र धरली आणि मूल जिवंत होऊन रडू लागलं. तोच जरासंध. तिनं पोर खाल्लं नाही, राजाला नेऊन दिलं आणि सांगितलं, की जो मला पोराबाळांसह घराच्या भिंतीवर रेखाटील त्याच्या घराची भरभराट होईल. गणपत गल्लीतला कागद म्हणजे तिचा तो शब्द पाळणं आहे. चव्हाट्यावरची राक्षसीण घरात आली ती अशी, लेकरांची राखण करायला.

आमच्या भागात पोर एकाएकी तापलं किंवा सून बोलेनाशी झाली, की म्हातारी माणसं हळू आवाजात म्हणतात, "बाहेरचं काय तरी झालंय बघ." भूत हा शब्द घरात उच्चारत नाहीत. नुसतं ‘बाहेरचं’. आणि खरंच, गावाची सगळी भुतं बाहेरच राहतात. मुंजा पारावरच्या पिंपळावर, आसरा विहिरीत नि डोहात, म्हसोबा शिवेवर. उतारा टाकायचा तो तिठ्यावर. उंबरा, वेस, शीव, अशा एकेका रेषेपलीकडं भीतीची एकेक जागा ठरलेली. मी सीमाभागात वाढले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमच्या कितीतरी गावांचे पाहुणेरावळे एका रात्रीत ‘पलीकडचे’ झाले. त्यामुळं असेल, पण भुताखेतांविषयी जगातल्या धर्मांनी काय म्हटलंय ते वाचताना मला सारखी शीवच दिसते. दुष्ट कोण, हे बहुतेक वेळा ‘आपल्या रेषेबाहेर कोण’ यावरून ठरलेलं आहे.

याचा सर्वात जुना पुरावा एका शब्दात आहे. ऋग्वेदाच्या जुन्या भागात ‘असुर’ ही शिवी नाही, मानाचं नाव आहे. वरुणाला असुर म्हटलंय, म्हणजे सामर्थ्यवान. पुढं तोच शब्द देवांच्या शत्रूंना चिकटला. इराणात बरोबर उलटं झालं. जरथुष्ट्राच्या, म्हणजे पारशांच्या, परंपरेत ‘अहुर’ हा परमेश्वर, अहुर मज्द. ‘दएव’ मात्र वाईट शक्ती, आणि त्यांच्याविरुद्धच्या नियमांचा ‘वेंदिदाद’ हा एक अख्खा धर्मग्रंथ. फारसीत ‘दीव’ म्हणजे आजही राक्षस. एकाच घरातले दोन भाऊ वेगळे निघावेत आणि एकाच्या देव्हाऱ्यातलं दुसऱ्यानं उकिरड्यावर टाकावं, तसंच हे. आमच्याकडच्या कन्नडमध्ये भुताला ‘देव्व’ म्हणतात. लहानपणी मैत्रिणीच्या आजीनं "देव्व बंतु" म्हणून भेडसावलं, तर मला वाटायचं देव आलाय.

आपल्या परंपरेनं मात्र असुरांना कायमचं हाकलून लावलेलं नाही. बृहदारण्यक उपनिषदात देव, माणसं आणि असुर ही तिन्ही प्रजापतीचीच लेकरं. तिघं उपदेश मागायला येतात, तो तिघांना एकच अक्षर सांगतो, ‘द’. देव त्यातून दमन समजतात, माणसं दान आणि असुर दया. असुरांनाही शिकवण मिळते आणि ती त्यांना कळतेही. खानापूर तालुक्यातल्या हलशीला जा. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे. समोरासमोर दोन गाभारे. वराहानं हिरण्याक्षाला मारलं, नरसिंहानं हिरण्यकशिपूला. पण हे दोघे मूळचे जय-विजय, वैकुंठाचे द्वारपाल. शापानं बाहेर पडले आणि तीन जन्मांनंतर पुन्हा आपल्या जागेवर गेले. बळीराजाचं तर काय सांगावं? वामनानं पाताळात घातलेला हा असुर, आणि पाडव्याला आपण ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून त्यालाच बोलावतो. जिल्ह्यातल्या मंगसुळीला चंपाषष्ठीला ज्या खंडोबाचा भंडारा उधळतात, त्यानं मारलेल्या मणी दैत्यानं मरताना देवाजवळ जागा मागितली आणि त्याला ती मिळाली.

याच बृहदारण्यकात एक प्रसंग आहे, तो वाचून मी थबकले. मद्र देशात पतंचल काप्याच्या घरी काही विद्यार्थी उतरले आहेत. त्याच्या मुलीच्या अंगात गंधर्व आला आहे. विद्यार्थी त्याला विचारतात, "कोण तू?" तो नाव सांगतो, सुधन्वा आंगिरस. मग ते त्याला घाबरत नाहीत, त्याच्याकडून ज्ञान घेतात. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा एक माणूस येशूला भेटतो. येशूही तेच विचारतो, "तुझं नाव काय?" उत्तर येतं, "सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत." मूळ शब्द ‘लेगिओन’, रोमन फौजेच्या तुकडीचं नाव. ज्या मुलखावर परकी फौज बसली होती तिथल्या एका पिडलेल्या माणसाच्या तोंडी हे नाव यावं, हा मला योगायोग वाटत नाही.

मी शाळेत असताना आमच्या गल्लीतल्या एका नव्या बाळंतिणीचं बोलणं बंद झालं. घरच्यांनी तिला एका देवऋषाकडं नेलं. माझी आत्या सोबत होती. पाटावर बसवली, मिरचीची धुरी दिली, केस धरून विचारलं, "कोण हैस तू? कुठनं आलीस?" बऱ्याच वेळानं ती पुटपुटली. तिनं सांगितलेलं नाव घरात कुणाच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून भूतच आहे अशी सगळ्यांची खात्री पटली. नंतर तिचा भाऊ आला तेव्हा कळलं, ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात बदललेलं. भावानं तिला धारवाडला डॉक्टरांकडं नेलं. काही महिन्यांनी ती बरी होऊन परत आली. प्रश्न उपनिषदातलाच होता. उत्तर ऐकून घ्यायला मात्र तिथं कुणी बसलं नव्हतं.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक भूतविद्या आहे, म्हणजे वैद्यांनीही हा विषय टाळलेला नाही. पण चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाबद्दल लिहिताना एक ठाम वचन येतं : देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस, कुणीही माणसाला आपण होऊन त्रास देत नाही, माणूस स्वतःच्याच कर्मानं आधी क्लेशात पडलेला असतो. दुःखाचं मूळ शिवेबाहेर शोधू नका, असं आपल्याच वैद्यकानं इतक्या आधी लिहून ठेवलंय. देवऋषाच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

जैन विचार याच दिशेनं आणखी पुढं जातो. निपाणीजवळच्या स्तवनिधीला, आमच्या भाषेत तवंदीला, पार्श्वनाथ आहेत आणि क्षेत्रपाळ ब्रह्मदेव. तत्त्वार्थसूत्रात भूत, पिशाच, राक्षस, यक्ष हे किन्नर-गंधर्वांच्याच रांगेत बसवलेत, ‘व्यंतर’ नावाच्या देवगतीत. त्यांचं आयुष्य कमीत कमी दहा हजार वर्षांचं, पण संपणारं. मग पुन्हा जन्म. कायमचा दुष्ट असा जीवच नाही. पार्श्वनाथांना तपात असताना पावसानं आणि वादळानं छळणारा कमठाचा जीव हा जन्मोजन्मी वागवलेलं वैर आहे. धरणेंद्र आणि पद्मावती हे नागदेव फणा धरतात, पार्श्वनाथ जागचे हलत नाहीत, आणि वैर तिथंच थकून विरतं. मूर्तीमागची नागफणा पाहिली की ही गोष्ट पुरी डोळ्यांसमोर येते.

बौद्धांचा मार, म्हणजे बुद्धाला मोहात पाडू पाहणारा, तर सरळच मनातला. सुत्तनिपातात त्याच्या सेनेची यादी आहे : कामवासना, अरती म्हणजे मन न रमणं, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय, शंका. पोरं खाणारी हारीती बुद्धाच्या उपदेशानंतर पोरांची राखणदार झाली, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात ती मांडीवर मूल घेऊन बसली आहे. जरेची सख्खी बहीणच म्हणायची. तिबेटी परंपरेत पद्मसंभव या बौद्ध गुरूनं राक्षसांना मारलं नाही, शपथ घालून धर्माचे रखवालदार केलं. खानापूरच्या जंगलापलीकडं मुंडगोडच्या तिबेटी मठांत त्या उग्र रखवालदारांची पूजा आजही चालते.

यहुदी परंपरेत ‘सातान’ सुरुवातीला देवाचा शत्रू नव्हता. बायबलातल्या ईयोबच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारातला आरोप ठेवणारा आहे, सरकारी वकिलासारखा. एक्रोन गावच्या लोकांचा बाल-जबूब हा देव शुभवर्तमानांत पोचेपर्यंत भुतांचा सरदार झालेला. ग्रीकांचा ‘दायमोन’ही मुळात बरा-वाईट कसाही असू शकणारा, सॉक्रेटिसाला आतून अडवणारा आवाज याच जातीचा. हिब्रू स्तोत्रांचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा ‘परराष्ट्रांचे देव म्हणजे मूर्ती’ याचं ‘परराष्ट्रांचे देव म्हणजे दायमोन’ झालं आणि त्या शब्दाचं नशीब ठरलं. हेच पुढं आमच्या शेजारी, गोव्यात घडलं. हिंदू गोयंकारांचा देवचार हा शिवेचा राखणदार, रात्री हातात दांडा घेऊन फिरणारा. ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. खानापूरच्या बाजारात दोन्ही प्रकारची माणसं भेटतात, शब्द एकच. कॅथलिक चर्चनं भूत काढण्यावर पुढं बंधनं घातली, हे नोंदवायला हवं. बिशपच्या परवानगीशिवाय पाद्र्याला तो विधी करता येत नाही.

इस्लाममध्ये जिन्न ही माणसासारखीच वेगळी प्रजा. माणूस मातीचा, जिन्न धूर नसलेल्या आगीचा. कुराणात त्यांच्या नावाची सुरा, म्हणजे अध्याय, आहे. काही जिन्न कुराण ऐकून ईमान आणतात. इब्लिसानं, म्हणजे सैतानानं, आदमपुढं झुकायला नकार दिला तो अहंकारापायी. शेवटच्या सुरेत आसरा मागितला आहे तो मनात कुजबुजणाऱ्यापासून, मग तो जिन्नांपैकी असो की माणसांपैकी. आपण गळ्यात बांधतो तो ताईत अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ ‘आसरा मागणं’. आणि खवीस? अरबीत ‘खबीस’ म्हणजे नीच, दुष्ट. मराठी गावानं तो शब्द मेलेल्या मुसलमानाच्या भुताला लावला. शेजारी मेल्यावर त्याचं भूतही शिवेपलीकडचं ठरवलं. याचं मला वाईट वाटतं, कारण तीच गावं गुरुवारी दर्ग्यात जाऊन मुजावराकडून अंगारा घेतात.

मग आपल्या माणसांची भुतं कोण? मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. वासना मागं ठेवून गेला तो समंध. ज्यांना जगणं पुरं मिळालं नाही, तेच. नंदगडला मात्र वेगळं घडलं. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी तिथं फाशी दिलं. वडाच्या झाडाला, तरणाबांड गडी. गावच्या हिशेबानं या झाडाखालून तिन्हीसांजेला कुणी जाऊ नये. पण लोक तिथं मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. अकाली मरणातून वीर झाला, भूत झालं नाही, कारण लोकांनी त्याला आपलं म्हटलं.

संतांनी या भीतीला दोन्ही अंगांनी हात घातला. बसवण्णांनी मडक्यात, सुपात, रस्त्यावरच्या दगडात देव पाहणाऱ्यांना फटकारलं. तुकोबांनी जाखाई-जोखाईसारख्या क्षुद्र देवता नाकारल्या, आणि त्याच तुकोबांनी विठ्ठलालाच ‘पंढरीचे भूत’ म्हटलं, येणाऱ्याजाणाऱ्याला झडपणारं. भुताचा शब्द घेऊन त्यांनी त्यातली भीती काढून टाकली.

कायदा यायला फार वेळ लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात कन्नड विद्वान डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. कर्नाटकानं २०१७ मध्ये कायदा केला, तो २०२० च्या जानेवारीत लागू झाला. पूजा, वारी, जत्रा, दर्ग्याची हजेरी यांना हे कायदे हात लावत नाहीत. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं मात्र गुन्हा आहे. पूर्वी इकडं बोभाटा झाला की माणसं आजाऱ्याला घेऊन पलीकडच्या देवऋषाकडं जायची. आता बेळगावहून चंदगडला नेलं काय किंवा कागलहून निपाणीला आणलं काय, शिवेच्या दोन्ही अंगांना तो गुन्हाच आहे.