लॉगआउट केलं, पण सेशन संपलं का?

फोन हरवला की बहुतेक जण दुसऱ्या फोनवरून आधी पासवर्ड बदलतात आणि निर्धास्त होतात. पासवर्ड बदलला म्हणजे जुन्या फोनवरचं अकाउंटही बंद झालं असणार, असा त्यांचा समज असतो. काही सेवांमध्ये तसं होतं. काहींमध्ये ते आपोआप होत नाही, ‘इतर उपकरणांवरून लॉगआउट करायचं का?’ या प्रश्नाला होकार द्यावा लागतो, आणि घाईत तो प्रश्न न वाचताच पुढे जाणारे पुष्कळ असतात. असं का, हे समजायला लॉगइन झाल्यावर पडद्यामागे काय घडतं ते पाहायला हवं.

वेबची मूळ रचना विसरभोळी आहे. ब्राउझरची प्रत्येक मागणी सर्व्हरला नवीच वाटते. क्षणापूर्वी याच माणसाने पासवर्ड दिला होता, हे त्याच्या लक्षात राहत नाही. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकीचा, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवायला दिलेल्या छोट्या नोंदीचा, तोडगा काढला. पासवर्ड बरोबर निघाला की सर्व्हर एक लांबलचक, कुणालाही अंदाज बांधता येणार नाही अशी अक्षरमाला तयार करतो, आपल्या नोंदवहीत तुमच्या नावापुढे लिहितो आणि तिची प्रत ब्राउझरला देतो. हेच टोकन, ते ब्राउझर कुकीत ठेवतो. पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर ते दाखवत राहतो, आणि पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. हे टोकन चालतं तोवरचा काळ म्हणजे सेशन. टोकन म्हणजे नाव न लिहिलेला बिल्ला: ज्याच्या हाती, त्याला प्रवेश.

म्हणूनच चोराला पासवर्डची गरज नसते. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन जाहीर केलं. खुल्या वायफायवर शेजारी बसलेल्यांच्या कुकीज उचलून त्यांच्या अकाउंटमध्ये एका क्लिकवर शिरता येतं, हे त्याने दाखवून दिलं. तेव्हा अनेक साइट फक्त पासवर्ड देण्यापुरताच मजकूर कूटबद्ध करत आणि पुढे कुकी उघडी पाठवत. आता जवळजवळ सगळा प्रवास एचटीटीपीएस या कूटबद्ध मार्गावरून होत असल्याने तो मार्ग बंद झाला आहे. चोरटे आता थेट उपकरणातच शिरतात. फुकटच्या चोरीव सॉफ्टवेअरसोबत आलेला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, ब्राउझरमधल्या कुकीज काढून नेतो. एसएमएसवर येणारा कोड तिथे कामाचा नाही, कारण तो लॉगइनच्या वेळी विचारला जातो आणि बिल्ला त्यानंतर मिळालेला असतो.

सप्टेंबर २०१८ मधली फेसबुकची घटना या दृष्टीने बोलकी आहे. ‘व्ह्यू अ‍ॅज’ या सोयीतल्या त्रुटींमुळे टोकन बाहेर पडली. फेसबुकने तेव्हाच्या अंदाजानुसार बाधित सुमारे ५ कोटी आणि खबरदारी म्हणून आणखी ४ कोटी अकाउंटची टोकन रद्द केली. एवढ्या लोकांना पुन्हा लॉगइन करावं लागलं. पासवर्ड बदलण्याची मात्र गरज नाही, असं कंपनीने सांगितलं. ते तर्काला धरूनच होतं. कुलूप शाबूत होतं, बिल्ले चोरीला गेले होते.

लॉगआउटचं बटण दाबल्यावर दोन गोष्टी व्हायला हव्यात: ब्राउझरमधली प्रत पुसली जाणं आणि सर्व्हरच्या वहीतली नोंद खोडली जाणं. महत्त्वाची दुसरी. नुसती प्रत पुसली आणि तिची नक्कल आधीच कुणी नेली असेल, तर ती चालत राहते. काही सेवांमध्ये तर अशी वही नसतेच. टोकनवरच मुदत आणि डिजिटल सही असते, सर्व्हर तेवढंच तपासतो. असं टोकन मधेच रद्द करणं अवघड, म्हणून त्याची मुदत काही मिनिटांची किंवा तासाभराची ठेवतात आणि ते संपलं की नवं आणायला दुसरं, दीर्घ मुदतीचं टोकन देतात. दूरवरून लॉगआउट केल्यावर ते दुसरं टोकन रद्द होतं. पण हातातलं पहिलं टोकन संपेपर्यंत पलीकडच्या फोनवर अकाउंट थोडा वेळ उघडं दिसू शकतं.

टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. ब्राउझर बंद करणंही नव्हे: क्रोम एका कुकीला जास्तीत जास्त ४०० दिवसांची मुदत देतो आणि साइट प्रत्येक भेटीत ती वाढवून घेऊ शकते. अ‍ॅप काढून टाकलं तरी सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. आयफोनवर अ‍ॅप काढल्यावरही किचेन या तिजोरीतली माहिती टिकते, त्यामुळे तेच अ‍ॅप पुन्हा टाकल्यावर कधीकधी पासवर्ड न विचारताच अकाउंट उघडतं. इनकॉग्निटोमध्येही त्या प्रकारच्या सगळ्या खिडक्या बंद होईपर्यंत सेशन चालू असतं. एखादी खाली दडलेली राहिली की झालं.

प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र टोकन मिळतं. लॅपटॉपवर लॉगआउट केल्याने फोनवरचं अकाउंट बंद होत नाही ते यामुळेच. सगळी चालू सेशन एकत्र दाखवणारी यादी मात्र बहुतेक मोठ्या सेवा देतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी ती अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’खाली ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’ इथे आहे. एक्सवर ‘सिक्युरिटी अँड अकाउंट अ‍ॅक्सेस’मधल्या ‘अ‍ॅप्स अँड सेशन्स’मध्ये. यूट्यूबला वेगळी यादी नाही, गुगल अकाउंटच्या सुरक्षा विभागातली ‘युवर डिव्हायसेस’ पाहायची. टेलिग्राममध्ये ‘डिव्हायसेस’खाली बाकीची सगळी सेशन एकदम संपवता येतात, फक्त नुकतंच लॉगइन केलेल्या उपकरणावरून पहिले २४ तास जुनी सेशन संपवता येत नाहीत, म्हणजे घुसखोराला मूळ मालकालाच बाहेर काढता येऊ नये. हा नियम इतरांनीही घ्यावा इतका चांगला आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे ‘लिंक्ड डिव्हायसेस’ मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर आपोआप तुटतात.

यादी वाचताना ठिकाणावर फार विसंबू नका. ते आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, काढलेलं असतं आणि मोबाइल डेटा वापरताना दुसऱ्याच शहराचं नाव दिसणं नेहमीचं आहे. उपकरणाचा प्रकार, ब्राउझर आणि शेवटच्या वापराची वेळ जास्त भरवशाची. तरीही शंका राहिली तर ती नोंद काढून टाका; आपलीच निघाली तर पुन्हा एकदा लॉगइन करावं लागेल, इतकंच.

अकाउंटमध्ये कुणी शिरल्याचा संशय असेल तर क्रम चुकवू नका. ज्या संगणकावर मालवेअर असू शकतो, त्यावरून काहीच करायचं नाही, कारण नवा पासवर्ड आणि नवं टोकनही तिथूनच जाईल. स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि तिथली अनोळखी सेशन संपवा. बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने ठरवता येतात. मग सोशल मीडियाचा पासवर्ड आणि लगेच ‘सगळीकडून लॉगआउट’. त्यानंतर रिकव्हरीचा ईमेल आणि फोन नंबर आपलाच आहे का ते पाहा, टू-फॅक्टरचे, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचे, बॅकअप कोड नव्याने काढा. शेवटी जोडलेली अ‍ॅप्स तपासा. ‘फेसबुकने लॉगइन करा’ किंवा ‘गुगलने लॉगइन करा’ म्हणत वर्षांपूर्वी परवानगी दिलेल्या गेम आणि प्रश्नमंजूषांकडे स्वतःचं टोकन असतं आणि पासवर्ड बदलल्यावरही ते टिकून राहू शकतं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

परक्या संगणकावर अकाउंट उघडावं लागलं तर ब्राउझरच्या ‘पासवर्ड जतन करू का?’ या प्रश्नाला नकार द्या आणि ब्राउझरमध्येच गुगल अकाउंट जोडू नका, नाहीतर सिंक सुरू होऊन तुमचे सगळे जतन केलेले पासवर्ड तिथे उतरू शकतात. ‘गुगलने लॉगइन’ वापरलं असेल तर दोन्हीकडून बाहेर पडा. साइटवरून लॉगआउट केलं तरी गुगलचं सेशन चालूच राहतं. अ‍ॅपमध्ये लॉगइनची माहिती जतन असेल तर लॉगआउटनंतरही नुसत्या नावावर टिचकी मारून आत जाता येतं, तीही काढून टाका.

हरवलेला फोन नेटशी जोडलेला नसेल, तर सर्व्हरवर टोकन रद्द झालं तरी त्या फोनला ते नंतरच कळतं. तोवर त्यात आधीच उतरलेले फोटो आणि संभाषणं तिथेच राहतात. त्यांचं रक्षण फक्त स्क्रीनलॉक करतो. म्हणून लॉगआउटसोबत अ‍ॅपलच्या ‘फाइंड माय’ किंवा गुगलच्या तशाच सेवेतून फोन पुसण्याचा आदेशही देऊन ठेवा. फोन नेटवर आला की तो अमलात येतो. नवं सिम घेऊन व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर सुरू केलं की जुन्या फोनवरचं बंद होतं.