जन्माचा हक्क आणि बिनदेशाची माणसं: अमेरिकेतल्या वादामागचा इतिहास

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला. आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक वा ग्रीनकार्डधारक नसतील, तर तिथं जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व द्यायचं नाही. सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी तीनच दिवसांत त्याला स्थगिती दिली. पण ज्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर हा वाद उभा आहे, ती मुळात का करावी लागली, हे समजून घेतल्याशिवाय यातला धोका लक्षात येत नाही.

सुरुवात गुलामगिरीपासून होते. ड्रेड स्कॉट या गुलामानं स्वातंत्र्यासाठी कोर्टात धाव घेतली, तेव्हा १८५७ मध्ये सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी निकाल दिला की आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राबलेली माणसं परकी ठरली, आणि जायला दुसरा देशही नव्हता. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली ती हा निकाल पुसण्यासाठी: अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या कायद्याच्या अखत्यारीत असलेला प्रत्येक जण नागरिक.

ही तरतूद फक्त गुलामांच्या मुलांसाठी होती, स्थलांतरितांचा विचार तेव्हा नव्हताच, असं आज सांगितलं जातं. ते खरं नाही. १८६६ मध्ये सिनेटमधल्या चर्चेत पेनसिल्व्हेनियाचे एडगर कोवन यांनी नेमकं हेच विचारलं होतं, की चिनी माणसाचं मूलही नागरिक होणार का? त्यावर कॅलिफोर्नियाचे जॉन कॉनेस यांनी होय म्हणून उत्तर दिलं. कॉनेस स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले. (वगळलं ते मूळनिवासी जमातींना, त्या सगळ्यांना नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं.)

वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. १८९५ मध्ये तो चीनहून परतला, तर अधिकाऱ्यांनी त्याला उतरूच दिलं नाही, कारण १८८२ पासून चिनी मजुरांना प्रवेशबंदी होती. जन्मगावचा किनारा समोर असताना या जहाजावरून त्या जहाजावर हलवत त्याला काही महिने पाण्यातच अडकवून ठेवलं. २८ मार्च १८९८ रोजी सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. आई-वडील चिनी, त्यांना स्वतःला नागरिक व्हायची मनाई, तरीही मुलगा अमेरिकनच.

या निकालाचं मोल कळतं ते भारतीयांच्या वाट्याला जे आलं त्यावरून. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की तुम्ही 'गोरे' नाही, म्हणून अर्ज करून मिळवलेलं नागरिकत्व चालणार नाही. मग सरकारनं आधी नागरिक झालेल्या इतर भारतीयांचीही नागरिकत्वं रद्द करायला घेतली. वैष्णोदास बगाई पेशावरहून बायको कला आणि तीन मुलांसह आलेले, १९२१ मध्ये नागरिक झालेले. ब्रिटिश प्रजाजनत्व त्यांनी सोडलं होतं, अमेरिकेनं आपलं काढून घेतलं. दुकान गेलं. भारतात जायला पासपोर्ट मागितला, तर अमेरिकी अधिकारी ब्रिटिश पासपोर्टवर जा म्हणाले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ, असं त्यांनी शेवटच्या पत्रात विचारलं होतं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली. ते लढले, जिंकले, आणि त्यानंतरच सरकारनं उरलेले खटले सोडून दिले.

अर्ज करून मिळालेलं नागरिकत्व कोर्टाला काढता आलं. तिथं जन्मलेल्या मुलांचं काढता आलं नाही. पंजाबी शेतकऱ्यांनी हे बरोबर ओळखलं. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घेता येत नव्हती, म्हणून इम्पीरियल व्हॅलीतल्या काहींनी ती अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या अल्पवयीन मुलांच्या नावावर केली. सातबाऱ्यावर बापाचं नाव लागत नाही म्हणून लेकराचं लावावं, तसं.

जन्माचा हक्कच काढला तर काय होतं, हे हैतीशेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिक या देशानं दाखवलं. ऊसतोडीसाठी आणलेल्या हैतीच्या मजुरांची मुलं तिथं जन्मली, तिथल्या जन्मदाखल्यांवर वाढली. २३ सप्टेंबर २०१३ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ठरवलं, की ज्यांचे आई-वडील कायदेशीर रहिवासी नव्हते त्यांना नागरिकत्व मिळालेलंच नव्हतं, आणि हे थेट १९२९ पासून लागू. लाखाहून अधिक माणसांवर टाच आली. ओळखपत्र नाही म्हणून कॉलेज नाही, रीतसर नोकरी नाही, आणि पुढच्या बाळाच्या जन्माची नोंदही अडली. आजोबांच्या कागदाची शिक्षा नातवाला, याहून मोठा अन्याय मला दिसत नाही.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेनं सरकला आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्म एवढंच पुरेसं होतं. त्यानंतर एक पालक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरितही नको. परदेशात जन्मलेल्या मुलासाठी अट वेगळी: वर्षभरात वकिलातीत नोंद करायची, मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी जोडप्यांना आजवर याची गरज सहसा पडली नाही, कारण बाळ जन्मतःच अमेरिकन असे. तो आदेश अमलात आला, तर ही नोंद होईपर्यंत बाळ दोन्ही देशांच्या कायद्यात कुणाचंच नसेल. हे जोडपं निदान वकिलातीत जाऊ तरी शकतं. वीसहून अधिक देशांत आईला वडिलांच्या बरोबरीनं मुलाला नागरिकत्व देता येत नाही. तिथून आलेल्या एकट्या आईच्या बाळाला तोही आधार नसू शकतो. अशा बाळाला जन्मलेल्या देशानं आपलं म्हणावं, असा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. अमेरिका त्यात सामील नाही, आणि भारतही नाही.