ध्रुवीय विज्ञानाचे खुले दप्तर आणि आपल्या भागातल्या शाळा

आर्क्टिक समुद्रावर आज किती बर्फ आहे, हा आकडा वडूजच्या नाहीतर विट्याच्या शाळेतली मुलगी शिक्षकांच्या मोबाईलवर फुकट पाहू शकते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात हिम आणि बर्फाच्या माहितीचे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथला आलेख रोज पुढे सरकतो आणि कुणीही तो उघडून बघावा. ना फी, ना परवानगी. उपग्रह सोडायला प्रचंड पैसा लागतो, ध्रुवावर माणूस ठेवायला त्याहून अवघड खटाटोप करावा लागतो, आणि तरी नोंदींचे हे सगळे दप्तर जगापुढे उघडे का? त्यामागे दीडशे वर्षांचा वाद आहे, करार आहेत, आणि काही माणसांनी त्यासाठी जीवही दिले आहेत. ही साधने वर्गात नेणाऱ्या शिक्षकाला हा इतिहास ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते, कारण सातारा-सांगलीच्या मराठी शाळेत गाडी नेमकी कुठे अडते तेही त्यातूनच कळते.

सुरुवात कार्ल वायप्रेख्ट या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदल अधिकाऱ्यापासून करावी लागते. १८७२ ते १८७४ या काळात उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमेचे ते एक प्रमुख होते. जहाज बर्फात अडकले ते सुटलेच नाही. ते तिथेच सोडून सगळ्यांना परतावे लागले. या मोहिमेत फ्रान्झ जोसेफ लँड हा बेटसमूह सापडला आणि युरोपात जयजयकार झाला. वायप्रेख्ट मात्र अस्वस्थ होते. १८७५ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांपुढे रोखठोक मांडले की कोण किती उत्तरेला गेला या चढाओढीत विज्ञान मागे पडते आहे. एकेका देशाने एकेकट्याने घेतलेल्या नोंदींना फारसा अर्थ नाही. अनेक ठिकाणी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने मोजमाप करा, मग हवामान आणि पृथ्वीचे चुंबकत्व समजेल. १८८१ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी १२ देशांनी पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष सुरू केले, १८८२-८३.

त्या वर्षाची किंमत कळायला लेफ्टनंट ग्रीली यांची अमेरिकन तुकडी पाहावी. कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला २५ जण गेले. मदतीची जहाजे पोचू शकली नाहीत आणि उपासमारीत एकेक जण गेला. शेवटी ६ जण जिवंत घरी पोचले. पण हवामानाच्या नोंदवह्या त्यांनी टाकल्या नाहीत. त्या पहिल्या ध्रुवीय वर्षाच्या नोंदी नंतर जाडजूड खंडांत छापल्या गेल्या आणि बराच काळ मोठ्या ग्रंथालयांत पडून राहिल्या. आपल्या शतकात त्या नोआ या अमेरिकेच्या हवामान आणि महासागरविषयक सरकारी संस्थेने इंटरनेटवर आणल्या. आज विद्यार्थी ज्याला ऑनलाइन साधन म्हणतो, त्यातला सर्वांत जुना भाग हा असा मिळालेला आहे.

दुसरे ध्रुवीय वर्ष १९३२-३३ मध्ये झाले. खरा बदल झाला तो १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात. ६७ देशांनी भाग घेतला. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकाच कार्यक्रमात काम करत होते. या वर्षासाठी जागतिक डेटा केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. नोंदी एकाच देशाच्या कपाटात राहू नयेत, त्यांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात आणि मागेल त्या संशोधकाला त्या मिळाव्यात, असा नियम ठरला. त्यातलेच हिमनद्यांविषयीचे एक केंद्र १९७६ मध्ये बोल्डरला गेले आणि त्यातून आज आपण वापरतो ते केंद्र वाढले. म्हणजे इंटरनेट नव्हते तेव्हाच डेटा खुला ठेवण्याची शिस्त तयार होती. इंटरनेटने फक्त टपालाचा खर्च वाचवला.

या शिस्तीला कायद्याचे बळ मिळाले १ डिसेंबर १९५९ रोजी. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. कराराच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की अंटार्क्टिकातील वैज्ञानिक निरीक्षणे आणि निष्कर्ष यांची शक्य तितकी देवाणघेवाण होईल आणि ते सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असतील. हे कलम वर्गात वाचून दाखवण्याच्या योग्यतेचे आहे. आपल्याला मिळते ते कुणाची मेहेरबानी म्हणून नाही, हे मुलांना त्यातून कळते. आणि यात भारत नुसता प्रेक्षक नव्हता. करार होण्याच्या तीन वर्षे आधी, १९५६ मध्ये, अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवण्याची सूचना भारताने केली होती.

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी २१ जणांची तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला. त्याच वर्षीच्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत या अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. अदिती पंत या औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्या कन्या. औंध म्हणजे आपल्या खटाव तालुक्यातले. यमाईच्या दर्शनाला आणि तिथल्या संग्रहालयाला आपल्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षे जातात. त्या सहलीत अदिती पंत यांचे नाव घेतले गेले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. दक्षिण महासागरात सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून सुरू होणारी अन्नसाखळी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सातवी-आठवीत अन्नसाखळी शिकवताना याहून जवळचे उदाहरण कुठले मिळणार?

पुढचे टप्पे भराभर सांगतो. दक्षिण गंगोत्री हे पहिले ठाणे बर्फात गाडले गेले, १९८९ मध्ये मैत्री उभे राहिले, २००८ मध्ये आर्क्टिकमधले हिमाद्री आणि २०१२ मध्ये अंटार्क्टिकावरचे भारती सुरू झाले. या सगळ्यांचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. साताऱ्याहून सांगली-मिरजमार्गे जाणाऱ्या गोवा एक्स्प्रेसचे शेवटचे स्टेशन तेच. भारतीय मोहिमांच्या नोंदी ठेवणारे राष्ट्रीय ध्रुवीय डेटा केंद्रही तिथलेच.

शाळांसाठी म्हणून मुद्दाम साधने तयार होऊ लागली ती २००७-०८ च्या ध्रुवीय वर्षात. आधीची सगळी वर्षे शास्त्रज्ञांची होती. या वेळी ६० हून अधिक देशांच्या कार्यक्रमात शिक्षण आणि लोकांपर्यंत पोचणे हा कामाचाच भाग मानला गेला. अमेरिकेत शिक्षकांना संशोधकांबरोबर ध्रुवावर पाठवून त्यांच्या रोजनिश्या इंटरनेटवर टाकल्या गेल्या. ब्रिटनमध्ये अंटार्क्टिकावरचे धडे, नकाशे आणि छायाचित्रे शाळांसाठी एकत्र मांडली गेली. ध्रुवीय विषय शिकवणाऱ्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना २०१२ मध्ये स्थापन झाली. त्याच सुमारास उपग्रहांची दारेही उघडली: लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची साठवलेली चित्रे २००८ मध्ये सर्वांना मोफत झाली. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने अंटार्क्टिकाचा एक मोठा नकाशासंच तयार केला आहे. तो एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही चालतो. पाटण-जावळीच्या खोऱ्यात रेंज शोधत फिरणाऱ्या शिक्षकाला हे किती मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको.

ही साधने वर्गात कशी चालतात ते एका तासापुरते पाहू. बोल्डरच्या आलेखावर वर्ष निवडता येते. आधी १९७९ लावा. उपग्रहांची सलग नोंद १९७८ च्या अखेरीपासून आहे, म्हणून हे पहिले पूर्ण वर्ष. सप्टेंबरच्या मध्यावर रेषा तळ गाठते: सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर. आता २०१२ लावा. तळ ३४ लाखांच्या आसपास. भारताचे क्षेत्रफळ जवळजवळ ३३ लाख चौरस किलोमीटर, हे मुलांना पाठ असते. आर्क्टिकवर त्या सप्टेंबरात आपल्या देशापेक्षा जेमतेम मोठा बर्फाचा तुकडा उरला होता, हे ती स्वतः काढतात. मग कुणीतरी हमखास विचारते, एवढे बर्फ वितळले तर समुद्र किती वाढला? इथे मोबाईल खाली ठेवायचा आणि दोन स्टीलचे पेले घ्यायचे. एका पेल्यात पाण्यावर तरंगणारे बर्फाचे खडे ठेवून पाण्याच्या पातळीवर पेनने खूण करायची. दुसऱ्यात पाण्यातून वर डोकावणारा दगड ठेवून त्यावर बर्फ रचायचे आणि तशीच खूण करायची. तास संपेपर्यंत पहिल्यातली पातळी खुणेवरच असते, दुसऱ्यातली वर चढलेली असते. तरंगते समुद्रबर्फ आणि जमिनीवरचे हिमस्तर यांतला फरक यानंतर फळ्यावर लिहावा लागत नाही. अंटार्क्टिकावरचे सगळे बर्फ वितळले तर समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल, ग्रीनलंडचे वितळले तर सुमारे ७ मीटर, हे आकडे मग त्यांना खरे वाटतात.

लहान मुलांसाठी पेंग्विन मोजण्याचा प्रकल्प उत्तम आहे. २०१४ पासून तो चालू आहे. अंटार्क्टिकात बसवलेल्या कॅमेऱ्यांची छायाचित्रे पडद्यावर येतात आणि मोठे पेंग्विन, पिल्ले, अंडी यांवर खुणा करायच्या असतात. त्या खुणा संशोधक खरोखर वापरतात. इंग्रजी फारसे येत नसलेले मूलही हे काम चोख करते.

आलेख वाचणे सांगलीच्या मुलांना परके नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तासातासाला मोबाईलवर बघणारी ही मुले आहेत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आकडा म्हणजे काय आणि तो वेळेवर कळणे म्हणजे काय, हे या मुलांना चांगले समजते. मात्र शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. २०२१ मध्ये गोव्याच्या केंद्रातील संशोधकांनी आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरील बर्फाची घट आणि भारतात मोसमाच्या अखेरीस होणारी अतिवृष्टी यांचा संभाव्य संबंध मांडला आहे. तो जरूर सांगावा, पण ‘आर्क्टिक वितळले म्हणून सांगलीला महापूर आला’ असे कधीही सांगू नये. ऑगस्टमधल्या पुराचे ते स्पष्टीकरण नाही आणि अभ्यासात तसे म्हटलेलेही नाही.

आता अडचण. वर सांगितलेले जवळजवळ सगळे इंग्रजीत आहे. इथे वाईची आठवण होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून मराठी विश्वकोश उभा केला आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ज्या वर्षी हिमनद्यांचे डेटा केंद्र बोल्डरला गेले, तेच हे वर्ष. ‘अंक’पासून सुरू होणारा हा खंड, त्यामुळे अंटार्क्टिका पहिल्याच खंडात येते. भारताची पहिली मोहीम निघायला तेव्हा पाच वर्षे होती आणि अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्राचा शोधनिबंध यायला नऊ. जगाचे ज्ञान कृष्णाकाठी बसून मराठीत आणता येते, हे त्या माणसांनी करून दाखवले. आज विश्वकोशाचे सगळे खंड इंटरनेटवर मोफत आहेत, बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मिळतात, मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. वाचायला मराठीत काहीतरी आहे. जे नाही ते शिकवण्याचे साहित्य: चालू डेटा कसा उघडायचा, मुलांना काय विचारायचे, कुठे थांबायचे, हे सांगणारी दोन-दोन पानांची टिपणे. मोबाईलवरचे यांत्रिक भाषांतर शिक्षकाला अर्थ लागण्यापुरते चालते, तास घ्यायला पुरत नाही.

हे काम जवळपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत जमणाऱ्या शिक्षकांना जमण्यासारखे आहे आणि ते लवकर व्हावे, कारण खुले दप्तर कायम तसेच राहील याची हमी नाही. २०२५ मध्ये नोआने बोल्डर केंद्रातल्या काही डेटासंचांचा आधार कमी केला आणि त्यांची देखभाल किमान पातळीवर आली. जुन्या वर्षांचे आलेख आणि आकडे शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवावेत, हे बरे.

पुढच्या ध्रुवीय वर्षाची तयारी २०३२-३३ साठी सुरू झाली आहे. तोवर दरवर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये जगभरच्या शाळांसाठी ध्रुवीय सप्ताह होतो. मार्चचा आपल्याला गैरसोयीचा, तेव्हा दहावीची परीक्षा चालू असते आणि खालच्या वर्गांची तोंडावर आलेली असते. सप्टेंबरचा मात्र नेमका जमतो. गणपती आणि पहिल्या सत्राची परीक्षा यांच्या मधले दिवस बहुधा मोकळे मिळतात, आणि आर्क्टिकच्या बर्फाची रेषा त्याच दिवसांत वर्षाचा तळ गाठत असते. सोमवारचा आकडा वहीत लिहायचा, पुढच्या सोमवारी पुन्हा बघायचा, आणि रेषा वर वळली का ते मुलांनीच ठरवायचे.