टार्गाची मागची काच आणि कानात बसणारे दडे

२०१४ मध्ये पोर्शची रुंद कमानीची ९११ टार्गा, म्हणजे आसनांच्या मागे पक्की कमान आणि पुढे निघणारा टप असलेली गाडी, परत आली तेव्हा तिचं स्वागत जोरात झालं. उभ्या गाडीत बटण दाबायचं, मागची अख्खी काच उचलली जाते, टपाचा तुकडा तिच्याखाली जाऊन झोपतो, साधारण १९ सेकंदांत खेळ संपतो. मात्र ती चालवून पाहिलेल्या बऱ्याच जणांनी कौतुकासोबत एक तक्रारही लिहिली: टप काढून हमरस्त्याला लागलं की ठरावीक वेगाला कानात धडधड सुरू होते. दडे बसल्यासारखं वाटतं, सोबतच्याशी बोलता येत नाही. दरवाजाची काच चार बोटं खाली घेतली की बरं वाटतं.

या तक्रारीवर 'विंड नॉइज' असं लेबल लावून विषय संपवण्याची पद्धत पडली आहे. टार्गाच्या बाबतीत ते लेबल अपुरं आहे. शिवाय दुखणं २०१४ चं नाही. ते १९६८-६९ च्या सुमारास मागच्या काचेबद्दल झालेल्या एका निर्णयापर्यंत मागे जातं.

आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा, कारण निम्मे वाद तिथेच होतात. 'केबिन प्रेशर' म्हटलं की विमान डोळ्यांसमोर येतं. विमानात तो दाब यंत्राने मुद्दाम राखलेला असतो. गाडीत असं काही नसतं, तरी हाच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे आतल्या-बाहेरच्या दाबातला स्थिर फरक. टपावरून आणि बाजूच्या काचांवरून हवा वेगाने सरकते, तिथे दाब उतरतो आणि काच बाहेर ओढली जाते. ताशी २०० किमीला हवेचा गतिज दाब चौरस मीटरला सुमारे १८५० न्यूटन भरतो. ओढ त्याच्या निम्मी धरली आणि काच ०.४ चौरस मीटरची, तरी ३८ किलोच्या आसपास वजन काचेला बाहेर खेचत असतं. कापडी टप वेगात फुग्यासारखा वर येतो तोही यामुळेच. बिनचौकटीच्या दरवाजात काचेचा वरचा काठ धरायला रबराशिवाय काही नसतं. तो केसभर हलला की बीडिंग आणि काच यांच्यात फट पडते आणि शिट्टी वाजते. गॅरेजमध्ये याला 'दरवाजा हवा मारतोय' म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. दहाची नोट बीडिंगवर धरून दरवाजा लावायचा आणि ओढून बघायची. अडकत अडकत आली तर रबर ठीक, अलगद निघून आली तर शिट्टीची जागा सापडली. नाहीच सापडली तर फटीवरून रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावत जायचं आणि दर वेळी एक फेरी मारून यायचं. कुठल्या पट्टीने आवाज बंद होतो ते कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दाबाची धडधड. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती घुमते, तसंच इथे होतं. बाटलीच्या जागी केबिन आणि तोंडाच्या जागी टपातली मोकळी जागा. समोरच्या काचेच्या वरच्या कडेवरून भोवरे सुटतात आणि मागच्या कडेवर आपटतात. त्या आपटण्याचा धक्का पुढच्या कडेला पोचतो आणि नवे भोवरे त्याच तालात सुटू लागतात. मोकळी जागा अर्ध्या मीटरची आणि वेग ताशी ९० असेल तर हा ताल सेकंदाला २० च्या आसपास येतो. हवेने भरलेल्या केबिनचा स्वतःचा ताल साधारण याच पट्ट्यात असतो. दोन्ही जुळले की दाबाची पातळी ११० डेसिबलच्या वर जाऊ शकते, आणि तरीही तो धड 'आवाज' म्हणून ऐकू येत नाही. सेकंदाला २० ही कानाची तळाची हद्द. म्हणून लोक 'छातीत होतं', 'डोकं दुखतं' असं सांगतात आणि समोरचा माणूस बीडिंग बदलून देतो. बीडिंगने यात काडीचाही फरक पडत नाही. शिट्टीवर इलाज फट बंद करण्याचा, धडधडीवर इलाज बऱ्याचदा फट उघडण्याचा. एकाच शब्दाखाली दोन उलटे इलाज असल्यावर गोंधळ व्हायचाच.

थोडं मागे जाऊ, पण फार नाही. १९३३ मध्ये अमेरिकन गाड्यांच्या दरवाजात पुढे एक फिरती त्रिकोणी काच आली. आपल्याकडे ती पद्मिनीत आणि अँबॅसिडरमध्ये पुढे कित्येक दशकं टिकली. बोरघाट चढताना ती कशी उलटी वळवून वारा अंगावर घ्यायचा, हे चाळिशीपुढच्या वाचकांना सांगायला नको. तिचं दुसरं काम कमी लोकांच्या लक्षात आहे. थोडीशीच तिरपी ठेवली की तिच्या मागच्या काठाशी दाब उतरतो आणि आतली कोंदट हवा ओढून बाहेर जाते. म्हणजे ती आत यायची वाट होती, तशीच बाहेर जायचीही.

१९६४ मध्ये एका लोकप्रिय ब्रिटिश कौटुंबिक गाडीने मागच्या खांबांवर हवा बाहेर जायच्या जाळ्या बसवल्या. डॅशबोर्डातून घ्यायची, मागून सोडायची, काच उघडायचं काम नाही. अमेरिकेत १९६८ च्या शेव्हरोले कॅमॅरोपर्यंत येताना त्रिकोणी काच गेलीच. दरवाजा दिसायला स्वच्छ झाला, शिट्टीची एक हमखास जागा कमी झाली. बाहेर जायच्या वाटेचं काम आधी जाळ्यांकडे आणि पुढे मागच्या बंपरच्या आड लपलेल्या रबरी झडपांकडे गेलं. दरवाजा लावताना आत दाबली जाणारी हवा याच झडपांतून निसटते. एका हौशी मालकाने आवाज कमी करायचा म्हणून डिक्कीच्या आतून सगळीकडे डांबरी शीट चिकटवलेली मी पाहिली आहे, झडपांवरसुद्धा. गाडी शांत झाली, पण दरवाजा आदळल्याशिवाय लागेना आणि लागला की कान गच्च. शीटचा हातभर तुकडा कापून काढल्यावर दरवाजा पुन्हा दोन बोटांनी लागू लागला.

आता टार्गा. १९६५ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती दिसली आणि १९६७ च्या मोसमासाठी ग्राहकांच्या हातात पडली. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर सुरक्षिततेच्या नावाखाली बंदी येणार अशी हवा होती. म्हणून आसनांच्या मागे सुमारे २० सेंटीमीटर रुंदीची मजबूत कमान घातली गेली. (ती बंदी शेवटपर्यंत आलीच नाही. १९८२ मध्ये याच गाडीची पूर्ण उघडी आवृत्ती निघाली, आणि न आलेल्या कायद्यासाठी घातलेली कमान तोवर गाडीची ओळख होऊन बसली होती.)

आजच्या चर्चेत कमानीचं नाव सतत निघतं, पण पहिल्या टार्गाची खरी गंमत कमानीच्या मागे होती. तिथे काच नव्हतीच. पारदर्शक प्लास्टिकचा पडदा होता, आणि तो झिपने उघडून खाली घालता यायचा. टपाचा तुकडा आणि हा पडदा मिळून चार रूपं व्हायची आणि कारखान्याने त्यांना नावंही दिली होती: दोन्ही उघडं ते 'स्पायडर', दोन्ही बंद ते 'हार्डटॉप', टप काढून पडदा लावलेलं ते 'बेल एअर', टप ठेवून पडदा उघडलेलं ते 'वॉयाज'. माहितीपत्रकात ही चार रूपं चैनीच्या गोष्टी म्हणून येतात. हवेच्या नजरेतून मात्र ती चार वेगळी भांडी आहेत. 'स्पायडर' हे बुड नसलेलं भांडं. वरून आलेला वारा कमानीखालून सरळ मागे निघून जातो, घुमायला बाटलीच उरत नाही. 'बेल एअर' म्हणजे तोंड उघडं आणि पाठ बंद, म्हणजे बाटली.

१९६८ च्या मोसमात प्लास्टिकऐवजी पक्की वळणदार काच पर्याय म्हणून मिळू लागली, १९६९ पासून तीच नेहमीची झाली आणि पडदा हळूहळू बाद झाला. या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखं भरपूर आहे. प्लास्टिक पिवळं पडतं, चरे पडतात, थंडीत आखडतं. जर्मन हिवाळ्यात सकाळी ती झिप बंद करायला दोन माणसं लागायची असं जुने मालक सांगतात. चोराला साधा चाकू पुरायचा. पाऊस झिपच्या टोकांतून आत यायचा, आणि 'हार्डटॉप' रूपातसुद्धा वेगात पडदा फडफडायचा, म्हणजे पहिल्या प्रकारचा आवाज, स्थिर दाबाचा, भरपूर. पक्क्या काचेने हे सगळं एका फटक्यात संपवलं. शिवाय ती काच दिसायला सुंदर होती, हेही नाकारून चालणार नाही.

तरी माझ्या मते जमाखर्चाची एकच बाजू सांगितली जाते. काच आल्यावर टार्गाची चार रूपं दोनावर आली. 'स्पायडर' आणि 'वॉयाज' गेली, 'हार्डटॉप' आणि 'बेल एअर' उरली. म्हणजे टप काढलेल्या गाडीचं जे एक रूप शिल्लक राहिलं ते नेमकं बाटलीचं. शिट्टी आणि फडफड गेली, धडधड कायमची घरात आली. तेव्हाच्या वेगात, तेव्हाच्या रस्त्यांवर, चार सिगारेटी ओढत गाडी चालवणाऱ्या पिढीला ती फारशी टोचली नसावी. हवा कोंडते हे मात्र कारखान्यालाही कळलं होतं. काच नेहमीची झाली त्याच सुमारास कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खाचा आल्या, आतली हवा बाहेर सोडण्यासाठी. टप लावलेला असताना त्या उपयोगी. टप काढल्यावर एवढ्याशा वाटेने काय होणार! २०१४ च्या कमानीवरही तशाच तीन खाचा आहेत, जुन्या गाडीची खूण म्हणून.

अटलांटिकपलीकडे हाच प्रवास जवळपास त्याच वर्षांत झाला. १९६८ च्या कॉर्व्हेटमध्ये टपाचे दोन तुकडे निघायचे आणि मागची उभी काचही निघायची. १९७३ च्या गाडीत मागची काच पक्की झाली.

मधल्या काळात उघड्या गाड्यांच्या बाबतीत एक वेगळी समज आली. दोन आसनी उघड्या गाडीत वारा समोरून लागतो असं वाटतं, पण मानेला लागणारा वारा मागून येतो. समोरच्या काचेवरून गेलेला प्रवाह डिक्कीवर उतरतो, त्याचा एक भाग उलटा फिरून आसनांच्या मधून पुढे येतो. स्कार्फ उगाच पुढे उडत नाही. १९८९ च्या एका जर्मन रोडस्टरने आसनांच्या मागे ताणलेली जाळी दिली आणि पुढे बहुतेकांनी ती उचलली. जाळीच का, काच का नाही, याचं उत्तर टार्गाच्या कहाणीत आहे. जाळी वाऱ्याचा जोर मोडते पण वाट बंद करत नाही.

१९९५ अखेरपासून टार्गा या नावाखाली तीन पिढ्या सरकत्या काचेच्या टपाच्या आल्या. कमान नाही, मोठ्ठा सनरूफ म्हणा. त्यांच्याबद्दल इथे फार लिहिण्यासारखं नाही. काच मागे सरकली की पुढच्या कडेला झापड आपोआप उभी राहायची आणि बऱ्यापैकी निभायचं.

२०१४ ला कमान परतली ती गोल वळसा घेतलेल्या एकसंध मागच्या काचेसह. देखणी गाडी, यात शंका नाही. पण मोकळी जागा पुन्हा लांब झाली आणि पाठ पूर्वीइतकीच घट्ट. समोरच्या काचेच्या चौकटीत हाताने उभी करायची एक झापड दिली आहे. ती भोवऱ्यांचा एकसुरी ताल मोडते आणि प्रवाह थोडा वर फेकते, जेणेकरून तो मागच्या कडेवर नेमका आपटू नये. धडधड कमी होते, पण झापडेचा स्वतःचा फसफसता आवाज वाढतो. असा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने चढतो. ताशी १०० वरून १३० वर गेलं की त्याची शक्ती जवळपास पाचपट. म्हणजे ९० ला उपकारक वाटलेली झापड १३० ला नकोशी होते. ती केव्हा उभी करावी आणि केव्हा पाडावी यावर मालकांचं आजही एकमत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत बाकीचं बरंच सुधारलं. दरवाजाच्या काचा दोन पातळ थरांच्या, मध्ये आवाज शोषणारा पापुद्रा. आरशाचे पाय बारीक झाले. दरवाजा उघडताना काच बोटभर खाली उतरते आणि लावल्यावर वर चढून बीडिंगमध्ये घट्ट बसते. यातली प्रत्येक गोष्ट शिट्टीवरचा इलाज आहे. २०२० मध्ये पुढची टार्गा आली, तीही गोल काचेची.

झिपवाल्या पहिल्या टार्गांना आता संग्राहकांत पक्क्या काचेच्या गाड्यांपेक्षा जास्त भाव येतो. नवं प्लास्टिक शिवून देणारे कारागीर आहेत. त्यातली एखादी उन्हाळ्यात रस्त्यावर दिसलीच तर पडदा बहुधा खाली घातलेला असतो आणि आतले दोघं गप्पा मारत असतात.