उन्हाळ्यात सायकलच्या चाकातली हवा कमी करू नका

एप्रिल लागला की नागपुरात एक सल्ला हमखास ऐकू येतो, "ऊन वाढलं, हवा जरा कमीच ठेवा, टायर फुटेल." सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण हिशेबात तो टिकत नाही.

बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष, म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या, तापमानाच्या प्रमाणात वाढतो. हा गे-लुसॅकचा नियम. समजा, सकाळी ३० अंशांना, म्हणजे ३०३ केल्विनला, चाकात ५० पौंड दाबाची हवा भरली. दुपारी सायकल सीताबर्डीत उन्हात उभी राहिली आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, म्हणजे ३३३ केल्विन. वाढ झाली सुमारे दहा टक्के. दाब मोजायचा गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, म्हणून ५० मध्ये वातावरणाचे १५ मिळवायचे. ६५ चे ७१ होतात, गेजवर ५६. टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेच्या थोडं खाली भरलं असेल, तर एवढ्याने धडधाकट टायर फुटत नाही. फुटतो तो भेगाळलेला, आतले धागे दिसू लागलेला. तो बदलायलाच हवा.

कमी हवेचा धोका मात्र खरा आहे. सिमेंट रस्ता आणि बाजूचे गट्टू यांच्यात जिथे उंचीचा फरक राहतो, तिथे चाक आदळलं की मऊ टायर पार दबतो. ट्यूब रिम आणि कडेच्या मध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तेव्हा दोन ठिकाणांहून बुडबुडे येतात, ते यामुळेच. शिवाय उभ्या सायकलचीही हवा रबरातून झिरपत असते, गरमीत जरा जास्तच. आठवड्यातून एकदा गेज लावा. अंगठ्याने दाबून ४० आणि ५० मधला फरक कळत नाही.

मग ब्रेक. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं, म्हणून खरं काम पुढचा ब्रेक करतो. नेमका तोच भीतीपोटी वर्षानुवर्षं ढिला ठेवला जातो, हे मला फार धोक्याचं वाटतं. दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा हळूहळू दाबत न्या. निघण्याआधी पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. लिव्हर हँडलला टेकता कामा नये, रबर रिमवरच बसलं पाहिजे. तसंच धरून सायकल मागेपुढे हलवताना हँडलखाली टक-टक लागली, तर तिथले छर्रे ढिले आहेत, आवळून घ्या. पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक फारच कमी लागतो. बरंच आधीपासून हलका दाबून पाणी पुसून काढायचं.

सीटची उंची सोपी आहे. पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग पंजा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. मुलं वाढतात आणि सीट तिथेच राहते, तेवढं बघा. सीटच्या नळीवरची, ती किमान किती आत हवी हे दाखवणारी खूण मात्र बाहेर दिसू देऊ नका.

डावं पॅडल डगमगत असेल तर पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून आवळायचा. पायाचा दाब आसाभोवती फिरत राहतो, त्यामुळे आस आट्यांत किंचित उलटी सरकत जाते. डावीकडे सुलटे आटे असते, तर चालवता चालवता पॅडल आपोआप उघडलं असतं.