नुसता वाळणारा ग्लास कलर आणि भाजायचा ग्लास कलर, पेल्याला कुठला लावायचा?

संक्रांतीच्या वाणाला द्यायचे म्हणून सहा काचेचे पेले रंगवले होते, वेलबुट्टी, कडेनं सोनेरी लायनर (बाह्यरेघ ओढायचा रंग), इतके सुंदर दिसत होते की शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं हे विकायला ठेव. एक घरात वापरायला काढला आणि दुसऱ्याच धुण्यात एक हिरवं पान सालीसारखं अख्खं सुटून घासणीला चिकटून आलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

चूक रंगाच्या जातीची होती. सांगलीतल्या दुकानात नुसतं 'ग्लास कलर द्या' म्हटलं की मला तरी नेहमी नुसता वाळणाराच मिळाला. हा काचेवर फक्त बसतो, आत काही शिरत नाही, त्यामुळं घासणी, गरम पाणी, साबण यांच्यापुढं टिकत नाही. पण चमक बघाल तर याचीच, थिनरवाला (पाण्याऐवजी थिनरमध्ये कालवलेला) असेल तर उजेड आरपार जातो आणि खिडकीची रंगीत काच वाटते. (खऱ्या स्टेन्ड ग्लासमध्ये काच वितळलेली असतानाच धातूचे ऑक्साइड घालतात, निळ्याला कोबाल्ट, मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवतात, ते काम वेगळंच.)

दुसरा भाजायचा, धुवायच्या पेल्याला हाच लावायचा. बाटली तशीच छोटी, रंग तसेच, म्हणून घोटाळा होतो, तेव्हा लेबलवर डिग्री लिहिलीय का ते बघा. पेबिओ या रंगांच्या कंपनीचं उदाहरण घ्या, त्यांचा विट्रेल थिनरवाला, नुसता वाळवायचा, आणि विट्रिया 160 पाण्यातला, 24 तास वाळवून 160 डिग्रीला 40 मिनिटं भाजायचा. पेला थंड ओटीजीतच (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) ठेवायचा, 160 झालं की तिथनं 40 मिनिटं मोजायची आणि बंद करून आतच गार होऊ द्यायचा, गडबडीत दार उघडून बाहेर काढला तर काच तडकते. मायक्रोवेव्ह मोडवर हे होत नाही. आणि थिनरवाला रंग चुकूनसुद्धा ओव्हनमध्ये घालू नका, त्याची वाफ पेट घेऊ शकते.

लायनरसुद्धा त्याच जातीचा हवा, नाहीतर रंग पक्का राहतो आणि रेघ सुटते.

भाजलेला असला तरी रंग बाहेरच्या बाजूलाच लावायचा, आणि ओठ लागतात तिथं वरनं दोन बोटं जागा कोरी सोडायची. रंगवायच्या आधी काच स्पिरिटनं पुसा, बोटाचा तेलकट डाग राहिला की दोन्ही रंग तिथनंच सुटतात. पेला गोल असतो, रंग खाली ओघळतो, म्हणून आडवा धरून एक बाजू भरायची, ती वाळली की मगच फिरवायचा.

त्या सहातले पाच पेले मी वाणाला दिलेच नाहीत. गौरीपुढं आत बॅटरीची पणती ठेवून मांडले, तिथं ते धुवायचेच नसतात, आणि भिंतीवर हिरवा-लाल उजेड पडला तो बघायला पोरं रात्री उशिरापर्यंत तिथनं हलली नाहीत.